अठ्ठावीस सुवर्णतारे

सन्मानपदक म्हणजे वरवर पाहतां धातूचा एक लहानसा तुकडा. परंतु तो ज्याच्या छातीवर झळकतो त्याच्या आयुष्याचें सार त्यांत उतरलेलें आहे, अशी लोकांची श्रद्धा असते. सोव्हिएट संघाच्या काळांतील असें सर्वश्रेष्ठ पदक म्हणजे ‘सुवर्णतारा’. ‘सोव्हिएट संघाचा वीर’ ही पदवी १६ एप्रिल १९३४ रोजीं निर्माण झाली आणि तिच्याबरोबर द्यावयाचें पांच टोकांचें हें सोन्याचें पदक १ ऑगस्ट १९३९ रोजीं ठरविण्यांत आलें. प्रत्येक ताऱ्याच्या पाठीवर क्रमांक कोरलेला असे. पहिल्या क्रमांकाचा तारा आनातोली ल्यापिदेव्स्की या वैमानिकास मिळाला. १९३४ सालीं उत्तरेच्या हिमसमुद्रांत बुडालेल्या ‘चेल्युस्किन’ जहाजावरील लोकांची बर्फावरून सुटका करणाऱ्या सात वैमानिकांपैकीं तो एक होता. पुढें १९४१ ते १९४५ या चार वर्षांच्या घनघोर युद्धांत अकरा हजारांहून अधिक लोकांस ही पदवी देण्यांत आली.

पदक कोणास द्यावयाचें हें ठरविण्याची एक रीत असते, आणि ती समजून घेतल्यावांचून पुढील हकीकतीचें मर्म कळावयाचें नाहीं. रणांगणावर कोणीं पराक्रम केला कीं त्याचा अधिकारी एक शिफारसपत्र लिही. त्यांत त्या शिपायाचें नांव, बापाचें नांव, जन्मसाल, जात म्हणजे राष्ट्रीयता, भरती झाल्याचें ठिकाण, पूर्वीं झालेल्या जखमा आणि शेवटीं प्रत्यक्ष पराक्रमाची थोडक्यांत हकीकत असे. हा कागद पलटणीकडून डिव्हिजनकडे, डिव्हिजनकडून सेनेकडे आणि सेनेकडून आघाडीच्या मुख्य ठाण्याकडे, असा खालून वर चढत जाई. प्रत्येक पायरीवर कोणीतरी सही करी. हे कागद पुढें मॉस्कोजवळील पोदोल्स्क येथील लष्करी दप्तरखान्यांत जतन होऊन राहिले, आणि २०१० सालापासून त्यांतील पुष्कळ कागद छायाचित्रांच्या रूपानें सर्व लोकांस पाहण्यास खुले झाले. म्हणून पदकाच्या धन्याचा शोध घेणारा मनुष्य उलट दिशेनें प्रवास करितो. पदकावरून तो कागदाकडे जातो, कागदावरून पलटणीकडे, आणि पलटणीवरून त्या खंदकाकडे, जेथें एका विशिष्ट दिवशीं एक विशिष्ट मनुष्य उभा होता. हा माग अखंड लागला तर पदक खरें बोललें असें समजावें.

परंतु एकदां असें घडलें कीं, हा माग काढीत गेलेल्या लोकांस खंदकापाशीं पोहोंचल्यावर तेथें भलतेंच कांहीं आढळलें. ती गोष्ट पानफिलोव्हच्या अठ्ठावीस वीरांची.

१९४१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मन सेना मॉस्कोच्या दाराशीं येऊन ठेपली होती. ऑक्टोबरमधील चिखलानें तिचा वेग मंदावला होता. पण थंडी पडून जमीन गोठली, रणगाड्यांस वाट मोकळी झाली, आणि नोव्हेंबरच्या मध्यास राजधानीवर अखेरची चाल सुरू झाली. व्होलोकोलाम्स्क शहराकडून मॉस्कोकडे येणाऱ्या राजमार्गाच्या रक्षणासाठीं जी दळें उभीं होतीं त्यांत ३१६ वी पायदळ डिव्हिजन होती. ही डिव्हिजन त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत दूर मध्य आशियांतील अल्मा-अता येथें उभारली गेली. तिच्यांत कझाक, किरगीझ, रशियन, युक्रेनियन असे नाना जातींचे लोक होते. त्यांतील बहुतेक काल-परवांपर्यंत शेतांत, कारखान्यांत किंवा कचेरींत काम करणारे. तिचे सेनापति मेजर जनरल इव्हान पानफिलोव्ह हे किरगीझस्तानचे लष्करी कमिसार होते. १८ नोव्हेंबर रोजीं गुसेनेवो या खेड्यांत तोफगोळ्याच्या स्फोटानें त्यांचा अंत झाला. त्याच दिवशीं त्यांच्या डिव्हिजनला ‘गार्ड’ ही बहुमानाची संज्ञा मिळून ती ८ वी गार्ड डिव्हिजन झाली.

सेनापतींच्या मृत्यूच्या दोन दिवस आधीं, १६ नोव्हेंबर रोजीं, मॉस्कोपासून शंभर किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावरील दुबोसेकोवो या रेल्वेच्या लहानशा थांब्यापाशीं या डिव्हिजनच्या १०७५ व्या पलटणीची जर्मन रणगाड्यांशीं गांठ पडली. तेथें लढाई झाली, यांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती लढाई कोणीं केली?

‘क्रास्नाया झ्वेझ्दा’, म्हणजे ‘लाल तारा’, हें लष्कराचें दैनिक वर्तमानपत्र. २७ नोव्हेंबरच्या अंकांत त्याचे युद्धवार्ताहर व्हासिली कोरोतेयेव्ह यांनीं या डिव्हिजनच्या पराक्रमाची एक छोटी हकीकत दिली. दुसऱ्या दिवशीं, २८ नोव्हेंबरला, त्याच पत्राचे लेखन-चिटणीस अलेक्सांद्र क्रिविट्स्की यांचा अग्रलेख प्रसिद्ध झाला. पन्नासांहून अधिक रणगाडे चालून आले असतां अठ्ठावीस शिपायांनीं त्यांना चार तासांहून अधिक काळ अडवून धरिलें, अठरा रणगाडे निकामी केले, आणि एकूणएक सर्वांनीं तेथेंच देह ठेविला, असें त्यांत लिहिलें होतें. त्यांतील एक भेकड शरण जाऊं लागला तेव्हां सोबत्यांनींच त्याला गोळी घातली, असाहि मजकूर होता. रशिया विशाल आहे खरा, परंतु मागें हटावयास जागा नाहीं, पाठीशीं मॉस्को आहे, अशा अर्थाचे उद्गार तुकडीच्या राजकीय शिक्षकाच्या तोंडीं घातलेले होते. ते उद्गार साऱ्या देशाच्या तोंडीं झाले.

ज्या राष्ट्राची राजधानी पडण्याच्या बेतांत आहे त्या राष्ट्राला अशी कथा म्हणजे संजीवनीच. घोडखिंडीची कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी मनाला तर त्या वेळच्या रशियन वाचकाच्या छातींत काय उसळलें असेल हें निराळें सांगावयास नको. २२ जानेवारी १९४२ रोजीं क्रिविट्स्कींनीं विस्तृत लेख लिहून अठ्ठावीसहि जणांचीं नांवें दिलीं. मरणोन्मुख अवस्थेंत इस्पितळांत पडलेल्या नातारोव्ह नांवाच्या शिपायानें सर्व वृत्तांत सांगितला, असेंहि त्यांत म्हटलें होतें. कवींनीं काव्यें रचिलीं, पुस्तिका निघाल्या, शाळांतून पाठ शिकविले गेले. २१ जुलै १९४२ च्या हुकुमानें अठ्ठावीसहि जणांना ‘सोव्हिएट संघाचा वीर’ ही पदवी मरणोत्तर देण्यांत आली.

येथवर सर्व कांहीं ठीक होतें. पांच वर्षें लोटलीं; युद्ध संपलें. १९४७ च्या नोव्हेंबरांत खारकोव्ह येथील लष्करी फिर्यादी अधिकाऱ्यानें इव्हान दोब्रोबाबिन नांवाच्या मनुष्याला देशद्रोहाच्या आरोपावरून पकडलें. तो शत्रूच्या हातीं कैद झाला होता, पुढें सुटून पेरेकोप या आपल्या जन्मगांवीं गेला, आणि तेथें जर्मनांच्या हाताखालीं पोलिसांत चाकरीस राहिला, असा आरोप होता. त्याची झडती घेतली तेव्हां त्याच्यापाशीं एक पुस्तक सांपडलें. तें पुस्तक पानफिलोव्हच्या अठ्ठावीस वीरांचें होतें. आणि त्या वीरांच्या यादींत खुद्द या आरोपीचें नांव होतें. देशासाठीं मेलेला म्हणून ज्याचा गौरव झाला तो मनुष्य जिवंत, आणि तोहि देशद्रोही म्हणून कोठडींत! असें कोडें कोणत्याहि फिर्यादीपुढें क्वचितच पडलें असेल.

मग चौकशीचें चक्र फिरूं लागलें. मुख्य लष्करी फिर्यादी निकोलाय अफानास्येव्ह यांनीं आपला अहवाल १० मे १९४८ रोजीं पूर्ण केला. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें तो अहवाल अवश्य वाचावा, असा आहे. त्यांत मोठमोठे सिद्धान्त नाहींत. फक्त ‘ही गोष्ट तुम्हांस कोणीं सांगितली?’ हा एकच प्रश्न एकामागून एक माणसास विचारीत नेला आहे.

प्रथम कोरोतेयेव्ह यांस विचारिलें. त्यांनीं सांगितलें कीं, ते स्वतः त्या पलटणींत गेलेच नव्हते. सेनेच्या मुख्य ठाण्यावर डिव्हिजनचे कमिसार येगोरोव्ह भेटले. एका तुकडीनें रणगाड्यांशीं झुंज घेऊन प्राणपणानें लढाई केली असें त्यांनीं सांगितलें. येगोरोव्हहि लढाईच्या जागीं नव्हते. त्यांना ती हकीकत पलटणीच्या कमिसाराकडून कळली होती. आणि तो कमिसारहि त्या झुंजींत प्रत्यक्ष नव्हता. तुकडी मेली पण हटली नाहीं असें ठाण्यावरील राजकीय अहवालांत होतें, पण किती माणसें मेलीं आणि त्यांचीं नांवें काय, हें त्यांत नव्हतें. म्हणजे पहिला कागद लिहिला जाण्यापूर्वींच गोष्ट तीन तोंडांतून फिरून आली होती.

मग अठ्ठावीस हा आंकडा कोठून आला? मॉस्कोला परतल्यावर संपादक ओर्टेनबर्ग यांनीं कोरोतेयेव्हना विचारिलें कीं, त्या तुकडींत माणसें किती होतीं? तुकडी अपुरी असावी, तीस-चाळीस असतील, असें उत्तर मिळालें. आणि त्यांतले दोघे फितूर निघाले असेंहि कळलें. तिसांतून दोन वजा केले, अठ्ठावीस उरले. पुढें एकाच लहान तुकडींत दोन फितूर दाखविणें बरें दिसणार नाहीं, म्हणून फितूर एकच ठेविला. वीर मात्र अठ्ठावीसच राहिले. शाळेंतील मुलाच्या पाटीवर जशी वजाबाकी मांडावी तशी ही वजाबाकी वर्तमानपत्राच्या कचेरींत मांडली गेली, आणि तिचें उत्तर पुढें संगमरवरावर कोरलें गेलें.

क्रिविट्स्की यांची जबानी याहून स्पष्ट आहे. राजकीय शिक्षकाच्या तोंडचे ते प्रसिद्ध उद्गार आपण स्वतः रचिले, असें त्यांनीं मान्य केलें. जखमी अथवा जिवंत राहिलेल्या कोणाहि शिपायाशीं आपण बोललों नव्हतों; त्या भागांतील रहिवाशांपैकीं चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा तेवढा भेटला, त्यानें राजकीय शिक्षक क्लोच्कोव्ह याला पुरलें ती जागा दाखविली, असें त्यांनीं सांगितलें. आणि मृत्युशय्येवरील नातारोव्ह? पलटणीच्या दप्तरांत त्याच्या मृत्यूची तारीख १४ नोव्हेंबर १९४१ अशी सांपडली. म्हणजे ज्या लढाईचा वृत्तांत त्यानें सांगितला म्हणून लिहिलें, ती लढाई त्याच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनीं झाली होती.

या सर्व जबान्यांत सर्वांत मोलाची जबानी पलटणीचे प्रमुख कर्नल इल्या काप्रोव्ह यांची. १६ नोव्हेंबर रोजीं दुबोसेकोवोपाशीं अठ्ठावीस पानफिलोव्ह शिपाई आणि जर्मन रणगाडे यांची म्हणून जी लढाई सांगतात, ती मुळींच झाली नाहीं, ती निव्वळ कल्पना आहे, असें त्यांनीं साफ सांगितलें. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहींत. त्या दिवशीं दुसऱ्या बटालियनबरोबर चौथी तुकडी रणगाड्यांशीं खरोखरच लढली, आणि खरोखरच वीरासारखी लढली, असेंहि त्यांनीं तितक्याच निश्चयानें सांगितलें. तुकडींत त्या सकाळीं एकशेंवीस ते एकशेंचाळीस माणसें होतीं. पहिल्या हल्ल्याला त्यांनीं मागें रेटलें. दुपारीं तोफांचा भडिमार होऊन पुन्हां रणगाडे आले. पलटणीच्या साऱ्या आघाडीवर मिळून ते पन्नासांहून अधिक होते, आणि मुख्य तडाखा दुसऱ्या बटालियनलाच बसला. स्वतः काप्रोव्ह रेल्वेच्या उंच भरावामुळें वांचले. शंभरांहून अधिक माणसें त्या एका तुकडींत पडलीं, अठ्ठावीस नव्हेत.

तेव्हां, वर्तमानपत्रानें मेलेल्यांची संख्या वाढविली नव्हती, कमी केली होती! शंभरांहून अधिक मृतांच्या जागीं अठ्ठावीस आले, आणि उरलेले सारे इतिहासाच्या पानावरून पुसले गेले. खोट्याचा हा एक विचित्र स्वभाव आहे. तें खऱ्यापेक्षां नेहमीं मोठेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां तें खऱ्यापेक्षां लहान आणि आटोपशीर असतें, म्हणूनच तें पाठ करावयास सोपें जातें.

नांवांची हकीकतहि काप्रोव्ह यांनींच सांगितली. डिसेंबरच्या अखेरीस पलटण विसांव्यासाठीं मागें आली होती तेव्हां क्रिविट्स्की तेथें आले, आणि अठ्ठावीस वीरांची गोष्ट पलटणीच्या प्रमुखाला तेव्हां प्रथम कळली. आपली सारी पलटण लढली, चौथी तुकडी विशेष लढली, अठ्ठावीसांचें मात्र आपल्याला कांहीं ठाऊक नाहीं, असें त्यांनीं पाहुण्यास सांगितलें. मग तुकडीचा प्रमुख कॅप्टन गुंदिलोविच यानें आठवेल तशीं नांवें तोंडीं सांगितलीं आणि तीं टिपून घेण्यांत आलीं. आपल्या पडलेल्या सोबत्यांचीं नांवें एकामागून एक आठवीत बसलेल्या त्या कॅप्टनच्या मनांत त्या वेळीं काय चाललें असेल? अठ्ठावीसापाशीं त्याला थांबावें लागलें. कारण आंकडा आधींच छापून झाला होता. पुढें तोहि युद्धांतच पडला, त्यामुळें त्याची जबानी कोणास घेतां आली नाहीं. १९४२ च्या एप्रिलमध्यें वरिष्ठांकडून अठ्ठावीस शिफारसपत्रें काप्रोव्ह यांच्यापुढें सहीसाठीं आलीं, आणि त्यांनीं त्यांवर सही केली.

येथें सुज्ञ मनुष्य क्षणभर थबकेल. शिफारसपत्र खालून वर जावयाचें असतें. येथें तें वरून खालीं आलें. ज्यानें पराक्रम पाहिला त्यानें लिहावयाचें आणि ज्यानें पाहिला नाहीं त्यानें मान्य करावयाचें, ही रीत. येथें ज्यानें पाहिला नाहीं त्यानें लिहिलें, आणि ज्याला खरें ठाऊक होतें त्यानें निमूटपणें सही केली. काप्रोव्ह यांस याबद्दल दोष देणें सोपें आहे. परंतु पलटण मागें हटली म्हणून त्यांना एकदां पदावरून दूर करण्यांत आलें होतें, आणि पुढें पुन्हां नेमण्यांत आलें होतें, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. अशा माणसानें सबंध देशानें डोक्यावर घेतलेल्या कथेविरुद्ध एकट्यानें ब्र काढावयाचा म्हणजे केवढें धैर्य लागलें असतें! रणगाड्यापुढें उभें राहण्याचें धैर्य आणि वरिष्ठांच्या कागदापुढें उभें राहण्याचें धैर्य हीं दोन निरनिराळीं आहेत. एक असलें म्हणजे दुसरें असतेंच असें नाहीं.

आतां पदकधाऱ्यांचा एकेक करून विचार करावा. इलारियोन वासिल्येव्ह आणि ग्रिगोरी शेम्याकिन हे दोघे मेले नव्हते. ते जखमी होऊन इस्पितळांत पोहोंचले आणि बरे झाले. इव्हान शाद्रिन शत्रूच्या हातीं सांपडून बंदिवासांत खितपत पडला होता. कुझेबेर्गेनोव्ह या नांवाचा घोटाळा तर अधिकच विलक्षण आहे. लेखांत नांव आलें होतें तें दानियल कुझेबेर्गेनोव्ह याचें. १९४२ च्या मे महिन्यांत त्याला शत्रूस शरण गेल्याच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. अठ्ठावीस मृतांपैकीं आपण एक, असें त्यानें प्रथम सांगितलें. पुढें मात्र आपण त्या लढाईंत नव्हतों, वर्तमानपत्रांत वाचलें तें सांगितलें, अशी कबुली दिली. तेव्हां पलटणीकडून विनंती गेली कीं, दानियलच्या जागीं अस्कर कुझेबेर्गेनोव्ह असें नांव घालावें. त्याप्रमाणें हुकुमांत अस्करचें नांव आलें. चौकशींत निघालें तें असें कीं, चौथ्या आणि पांचव्या तुकडीच्या पटावर अस्कर कुझेबेर्गेनोव्ह नांवाचा मनुष्य नव्हताच. वजाबाकीचें उत्तर अठ्ठावीस राहावें म्हणून एका जिवंत माणसाच्या जागीं नुसतें एक नांव बसविलें गेलें.

आणि दोब्रोबाबिन? त्याला वीर म्हणावें कीं द्रोही, हें ठरविणें न्यायाधीशांसहि सोपें गेलें नाहीं. दुबोसेकोवोच्या लढाईंत तो बधिर होऊन पडला आणि शत्रूच्या हातीं लागला. कैदेंतून निसटून तो गांवीं गेला, आणि तेथें त्यानें जर्मनांची चाकरी केली; पण १९४४ सालीं तो पुन्हां लाल सेनेंत भरती झाला, युद्धाच्या शेवटपर्यंत लढत राहिला, आणि त्या लढायांबद्दल त्यानें ‘कीर्ति’ नांवाचें तिसऱ्या वर्गाचें मानचिन्हहि मिळविलें. एकाच माणसाच्या नांवावर देशाचें सर्वोच्च पदक, शत्रूची चाकरी आणि पुन्हां स्वपराक्रमानें मिळविलेलें मानचिन्ह! १९४८ च्या जूनमध्यें त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली, आणि ११ फेब्रुवारी १९४९ रोजीं त्याची वीरपदवी काढून घेण्यांत आली. १९५५ सालीं शिक्षा कमी होऊन तो सुटला. १९९३ सालीं युक्रेनच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याला देशद्रोहाच्या कलंकांतून मुक्त केलें. वीरपदवी मात्र परत आली नाहीं. १९९६ सालीं त्याचा अंत झाला.

अहवालांतील सर्वांत करुण भाग नेलिदोवो या खेड्यासंबंधींचा आहे. दुबोसेकोवोला लागूनच हें खेडें. लढाई चालू असतां गांवकरी तळघरांत व खंदकांत दडून बसले होते. त्याच दिवशीं जर्मन गांवांत शिरले आणि २० डिसेंबरपर्यंत तेथें राहिले. त्यानंतर बर्फाचे डोंगर सांचले. फेब्रुवारीच्या आरंभीं लोकांस तीन प्रेतें सांपडलीं. तीं गांवाच्या वेशीजवळ एका खड्ड्यांत पुरलीं. मार्चमध्यें बर्फ वितळूं लागल्यावर शिपायांनीं आणखी तीन आणलीं. त्यांत क्लोच्कोव्ह याचें प्रेत होतें. त्याच्या सोबत्यांनीं तें ओळखलें. अशीं सारीं मिळून सहा. अठ्ठावीसांच्या नांवानें साऱ्या देशानें ज्या थडग्यापुढें मान लवविली, त्यांत सहा शिपाई निजलेले आहेत. त्यांतील पांच जण कोण, हें त्या अहवालांत नाहीं.

अहवालाचें पुढें काय झालें? तो सरकारच्या अत्यंत वरच्या पायरीपर्यंत, झ्दानोव्ह यांच्यापर्यंत, पोहोंचला आणि तेथून दप्तरखान्यांत जाऊन कुलूपबंद झाला. कथा मात्र पूर्ववत् चालू राहिली. १९७५ सालीं दुबोसेकोवोच्या माळावर सहा प्रचंड दगडी शिपाई उभे करण्यांत आले. सोव्हिएट राज्य लयास जाण्याच्या सुमारास चौकशीचा गवगवा होऊं लागला. शेवटीं २०१५ च्या जुलै महिन्यांत रशियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें संपूर्ण अहवालाच्या प्रती सर्वांस पाहण्यासाठीं प्रसिद्ध केल्या. त्यावरून मोठें वादळ उठलें. अशा कथांना हात लावणें हा हुतात्म्यांचा अपमान आहे, असें पुष्कळांचें म्हणणें पडलें. सत्य दडविणें हाच त्यांचा खरा अपमान, असें दुसऱ्या बाजूचें. दप्तरखान्याचे संचालक सेर्गेई मिरोनेंको यांनीं पुढच्या वर्षीं तें पद सोडलें, आणि त्याच वर्षीं अठ्ठावीस वीरांवर मोठा बोलपट निघून तो लोकांनीं गर्दी करून पाहिला.

या वादांत दोन्ही बाजूंस जें दुःख आहे तें खोटें नाहीं. ज्या आईनें आपला मुलगा अठ्ठावीसांत होता या अभिमानावर जन्म काढला, तिच्यापुढें दप्तराचा कागद धरणें निष्ठुरपणाचें वाटेल. परंतु त्याच तुकडींतील ज्या सत्तर-ऐंशी माणसांचीं नांवें कोणी विचारलींच नाहींत, त्यांनाहि आया होत्या. त्यांना ना तारा मिळाला, ना लेख, ना काव्य. त्यांच्या घरीं ‘बेपत्ता’ हा शब्द तेवढा गेला असेल. आणि त्याच डिव्हिजनमधील कझाक सेनानी बाउरझान मोमिशुली याची गोष्ट पाहावी. त्यानें याच राजमार्गावर आपली बटालियन पुनःपुन्हां वेढ्यांतून सोडविली, पुढें एका सबंध डिव्हिजनचें आधिपत्य केलें, आणि अलेक्सांद्र बेक यांच्या कादंबरीमुळें तो जगप्रसिद्ध झाला. त्याला सुवर्णतारा मिळाला तो १९९० सालीं. त्यापूर्वीं आठ वर्षें, १९८२ मध्येंच, तो निवर्तला होता. ज्याचा पराक्रम कागदोपत्रीं सिद्ध होता त्याला जन्मभर थांबावें लागलें, आणि ज्याचें नांव पटावरहि नव्हतें त्याला तारा आठ महिन्यांत मिळाला.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद त्यांनीं असाच कठोरपणें दाखवून दिला होता. बखरकार लबाड असतो असें नव्हे. तो ऐकलेलें लिहितो, शोभेल तसें लिहितो, आणि ऐकणाऱ्यास जें हवें असतें तें नकळत त्याच्या लेखणींतून उतरतें. क्रिविट्स्कींची लेखणी एका अर्थानें बखरकाराचीच होती. फरक एवढाच कीं, जुनी बखर लढाईनंतर वर्षानुवर्षांनीं लिहिली जाई, आणि ही बारा दिवसांत लिहिली गेली. आणि तिच्या आधारावर सरकारनें पदकें वांटलीं.

असो. या चौकशीनें वीरांचें वीरत्व नाहींसें केलें, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. तिनें तें नाहींसें केलें नाहीं, फक्त त्याचा पत्ता बदलला. अठ्ठावीस नांवांच्या चौकटींत कोंडलेलें तें शौर्य तिनें शंभरांहून अधिक अनामिकांच्या स्वाधीन केलें, आणि रेल्वेच्या त्या भरावापाशीं, गोठलेल्या खंदकांत, तें खरोखर जेथें होतें तेथें पोहोंचविलें. ज्या सायंकाळीं जर्मन नेलिदोवोंत शिरले त्या सायंकाळीं त्या तुकडींतील वीस-पंचवीस माणसें तेवढीं पायांवर उभीं होतीं. आपण कोणत्या आंकड्यांत मोडतों, हें त्यांतील एकालाहि ठाऊक नव्हतें.

दुबोसेकोवोच्या माळावर सहा दगडी शिपाई उभे आहेत. नेलिदोवोच्या वेशींतहि सहाच निजलेले आहेत. शिल्पकारानें सहा मूर्ति उभारल्या त्या त्या डिव्हिजनमधील निरनिराळ्या जातींच्या लोकांचें प्रतीक म्हणून. थडग्यांतील प्रेतें मोजून नव्हे. परंतु योगायोगानें का होईना, त्या माळावर हा एक आंकडा तेवढा खरा ठरला आहे.